फक्त आपल्या माणसांसाठी

दिवा जरा तुमच्या बाजूला सरकवा. या खोलीला खिडकी नाही, त्यामुळे भर दुपारीसुद्धा टेबलावरचा दिवा लावल्याशिवाय इथे अक्षर दिसत नाही. सोमवारपासून या खुर्चीत तुम्ही बसणार. कामाचं सगळं मी वहीत लिहून ठेवलं आहे. एक गोष्ट मात्र वहीत लिहिण्यासारखी नव्हती. ती तोंडीच सांगते.

काम तसं डोक्याला ताप देणारं नाही. इंटरनेटवरच्या कुठल्याही पत्त्यात शेवटी एक ठिपका असतो आणि त्या ठिपक्यानंतर एक शब्द. बहुतेक शब्द सगळ्या जगाला खुले. कुणीही यावं, नाव नोंदवावं. आपल्या रुग्णालयाने मात्र स्वतःचा वेगळा शब्द घेतला आहे. त्याच्याखाली पत्ता मिळतो तो फक्त आपल्या माणसांना, आपल्या विभागांना, आपल्या यंत्रांना. तो शब्द दिसला की डॉक्टरांनी डोळे मिटून विश्वास ठेवावा, की हे आपलंच आहे, बाहेरचं कुणी सोंग घेऊन आलेलं नाही. अर्ज येतो, त्यावर कुणातरी जबाबदार माणसाचा हजेरी क्रमांक असतो, तो नोकरवर्गाच्या पटावर आहे का ते यंत्र बघतं, आणि आपण ‘मंजूर’ दाबतो. दुपारी चार वाजता दिवसभराची मंजूर नावं, म्हणजे हे पत्ते, एकदम बाहेर जातात आणि जगभर दिसू लागतात. झालं काम.

सगळे मला ठिपकेबाई म्हणायचे. घरी हेसुद्धा चिडवायचे, “ठिपकेबाई, चहात साखर घातलीत की नुसता ठिपका ठेवलात?”

हे खालच्या मजल्यावर रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होते. एका सकाळी माझ्याबरोबर डबा घेऊन निघाले आणि अकराच्या सुमाराला सूक्ष्मदर्शकापुढे बसल्या बसल्या त्यांची मान खाली गेली. बाजूच्या माणसाला वाटलं, काचेत वाकून बघताहेत. इतके डॉक्टर एका हाकेवर, पण उपयोग झाला नाही. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली आणि आमची लेक इथल्याच एक्स-रे विभागात लागली. बाबांच्या इमारतीतच नोकरी करायची, असा तिचा हट्ट होता. ऑफिसात तिला सगळे ‘छोटी’ म्हणत. मी सांगते तो दिवस, ती लागल्यानंतर तीन महिन्यांनी आला.

त्या आठवड्यात तपासणीचं पत्र आलं होतं. जगभरच्या या शब्दांवर देखरेख करणारं एक मंडळ आहे, त्यांचं. तोपर्यंत आम्ही प्रत्येक नावाची वर्षातून एकदा फोनवर पडताळणी करत होतो. तीन प्रश्न: नाव वापरात आहे का, जबाबदार कोण, काही बदल आहे का. मंडळाचं म्हणणं, यंदा प्रत्येक नाव ज्या जागेसाठी आहे ती जागा डोळ्यांनी बघून या. मला उलट बरंच वाटलं. सात वर्षं मी या इमारतीतल्या खोल्यांना नावं देत होते आणि त्यातल्या निम्म्या खोल्या बघितल्या नव्हत्या. कागदावर यादी छापून घेतली, चपला बदलून बूट घातले आणि जेवणानंतर निघाले.

रुग्णालयात प्रत्येक कॉटला पत्ता आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. कॉटशेजारचं यंत्र नाडी, श्वास, सगळं त्या पत्त्यावरून पाठवतं. एकेक वॉर्ड बघत, खुणा करत तीनच्या सुमाराला मी उत्तरेच्या टोकाला पोचले. यादीत तिथे ‘उत्तर वॉर्ड’ होता, अकरा कॉट. जिन्यापाशी किल्लीमामा भेटले. सगळ्या इमारतीच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला.

“मामा, उत्तर वॉर्ड कुठून?”

त्यांनी यादी डोळ्यांजवळ नेली. “बाई, जुना कुठलातरी कागद दिलाय तुम्हाला. उत्तर वॉर्ड बंद होऊन नऊ वर्षं झाली.”

“असं कसं? मागच्याच महिन्यात सिस्टरशी बोलले मी फोनवर.”

“कुठल्या सिस्टरशी?”

दरवर्षी पहिल्याच घंटेला फोन उचलला जायचा. “उत्तर वॉर्ड, सिस्टर बोलतेय.” मऊ, दमलेला, पण घाई नसलेला आवाज. तीन प्रश्नांना तीन उत्तरं. इतर वॉर्डांत दहा वेळा फोन करावा लागे, म्हणून मला ही बाई आवडायची. तिचं नाव मी कधी विचारलं नव्हतं.

“मोडक्या खुर्च्या टाकल्यात आत,” किल्लीमामा म्हणाले. “बघायचंच असेल तर उघडतो.”

कुलूप गंजलेलं होतं. किल्ली तीन वेळा फिरवावी लागली. दार आत ढकललं आणि मामा उंबऱ्यावरच थांबले. त्यांच्या खांद्यावरून मी पाहिलं.

मोडक्या खुर्च्या नव्हत्या. पश्चिमेच्या उंच खिडक्यांतून ऊन आत आलं होतं, फरशी पुसल्यासारखी स्वच्छ, आणि दोन रांगांत बारा लोखंडी कॉट. अकरा कॉटवर पांढऱ्या चादरी, इतक्या ताणून घातलेल्या की नाणं टाकलं तर उडावं. नुकत्याच धुऊन इस्त्री केलेल्या कापडाचा गरम वास. बाहेरच्या बोळात ट्रॉल्यांचा खडखडाट चालू होता, तो दाराच्या आत एक पाऊल टाकलं तसा बंद झाला. कमी झाला असं नाही. बंद झाला.

“हे कुणी केलं...” मामा पुटपुटले. “किल्ली एकच आहे, बाई. ती माझ्याकडे असते.”

दारालगत सिस्टरचं टेबल होतं. त्यावर काळा फोन. त्याची वायर टेबलाखाली हातभर लोंबत होती आणि पुढे तुटलेली होती. तांब्याच्या तारा हिरव्या पडल्या होत्या.

मला तेव्हाच बाहेर पडायला हवं होतं. पण हातात यादी होती, आणि इतक्या वर्षांची सवय. माणूस घाबरला की ओळखीचं काम करत बसतो. प्रत्येक कॉटच्या पायथ्याला पत्र्याची छोटी चौकट होती आणि तिच्यात टंकलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर फक्त एक सहा आकडी क्रमांक. मी पहिल्या कॉटचा क्रमांक यादीशी ताडला. जुळला. दुसऱ्याचा जुळला. हे क्रमांक म्हणजे अर्जावरच्या जबाबदार माणसांचे हजेरी क्रमांक. इतर वॉर्डांत सगळ्या कॉटना एकाच सिस्टरचा क्रमांक असतो. इथे दर कॉटला वेगळा होता. मी आजवर समजत होते, यंत्रं बसवणाऱ्या कारागिरांचे असतील. यादीत नाव येत नाही, नुसता आकडा येतो. आकड्याला कोण चेहरा विचारतो?

अकराव्या कॉटपाशी माझं बोट थांबलं.

यांचा फोन नंबर मला पाठ होता, हजेरी क्रमांक कधीच नव्हता. पण हे गेल्यावर तो इतक्या कागदांवर, इतक्या वेळा लिहावा लागला की झोपेतसुद्धा म्हणता येईल. तोच होता. टंकलेला, सरळ, शाई ताजी.

“बाई, बसा,” किल्लीमामा म्हणाले. “खाली बसा जरा...”

बसायला तिथे फक्त कॉट होत्या. मी उभीच राहिले. यादीत प्रत्येक नावापुढे मंजुरीची तारीख असते. यांच्या क्रमांकापुढची तारीख पाहिली. हे गेले त्याच्या बरोबर नऊ दिवस आधीची. मंजूर करणारी: मी.

मोबाइल काढला आणि नोकरवर्गाचा पट सांभाळणाऱ्या वहिनींना फोन लावला. सगळ्यांच्याच त्या वहिनी.

“वहिनी, काही क्रमांक सांगते. कोणाचे तेवढं सांगाल?”

“सांगा की.” चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. मी पहिला सांगितला. “हे आपले रुग्णवाहिकेवरचे काका. गेले ना ते.” दुसरा सांगितला. “धुलाईतल्या मावशी. त्याही गेल्या, बिचाऱ्या.” तिसरा. चौथा. पाचव्याला त्यांचा आवाज खाली आला. “बाई, ही यादी तुम्हाला कुणी दिली? ही सगळी नोकरीत असताना गेलेली माणसं आहेत.”

“कधी गेली, तारखा सांगा फक्त.”

त्या सांगत गेल्या, मी यादीवर बोट सरकवत गेले. नऊ दिवस. नऊ दिवस. नऊ दिवस. सात वर्षांत अकरा माणसं, आणि प्रत्येकाच्या आधी नऊ दिवस माझं ‘मंजूर’. हे बटण दाबताना एका हाताने मी बहुधा चहा पीत असणार, किंवा यांच्याशीच फोनवर बोलत असणार, की येताना भाजी आणा.

तेवढ्यात किल्लीमामांनी मला हाताने खूण केली. ते बाराव्या कॉटपाशी गेले होते. तिच्यावर चादर नव्हती, गादी गुंडाळून ठेवलेली. चौकटीत चिठ्ठी मात्र होती. यादीत बारावी कॉट नव्हती. मी तो क्रमांक फोनवर वाचून दाखवला.

“हा नवा आहे,” वहिनी म्हणाल्या. “याच वर्षीचा.” कप खाली ठेवल्याचा आवाज आला. “बाई... ही तर आपली छोटी.”

सकाळी माझ्यापुढे वीस अर्ज होते. वीसच्या वीस मी एका दमात मंजूर केले होते. त्यात ‘उत्तर वॉर्ड, कॉट बारा’ होता. मला आठवलं, स्पष्ट आठवलं. चारला नावं बाहेर जाणार होती. घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

मी पळाले. या वयात, त्या बुटांनी, तीन जिने आणि चार बोळ. लोक वाटेतून बाजूला होत होते. रुग्णालयात कुणी पळालं तर लोक कारण विचारत नाहीत.

इथे याच खुर्चीत येऊन बसले. नाव उघडलं, मंजुरी काढून घेतली. ‘नामंजूर’ दाबलं. पडद्यावरून ओळ गेली. मी श्वास सोडला, आणि ओळ परत आली. नवा अर्ज, तीच कॉट, तोच क्रमांक. नाकारला. परत आला. नाकारला. परत आला. जेवढ्या वेळात माझं बोट वर उचलायचं, तेवढ्यात.

तुम्हाला वाटेल, नाकारत राहायचं चार वाजेपर्यंत. पण एक नियम आहे. ज्याचा क्रमांक पटावर आहे त्याचा अर्ज कुणी अडवला नाही, तर चारच्या ठोक्याला तो आपोआप मंजूर होतो. मी एकदा तापाने पडले होते तेव्हा कामं तुंबली होती, म्हणून हा नियम मीच मागून घेतला होता. माझाच शहाणपणा. आणि नावं बाहेर पाठवणारं यंत्र दुसऱ्या शहरात, दुसऱ्यांच्या ताब्यात. ते थांबवायचं तर दोन सह्या आणि एक दिवस लागतो.

मी पडद्याकडे बघत बसले. वर, पानाच्या माथ्यावर, रोज दिसणारी ओळ होती: ‘ही नोंद फक्त संस्थेतल्या व्यक्तींसाठी आहे.’

तीन वाजून चाळीस मिनिटांनी मी एक्स-रेच्या दाराशी होते. दारावर लाल दिवा लागलेला. मी तो विझायची वाट पाहिली नाही.

लेक जाड ॲप्रन घालून काचेमागे उभी होती. “आई, आत पेशंट आहे.”

“दोन मिनिटं बाहेर ये.”

बोळात आल्यावर तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “तुझा चेहरा... कुणी गेलं का?”

“अजून नाही,” मी म्हणाले. “नोकरी सोडते असं एका ओळीत लिही. आज, आत्तापासून. आणि खाली सही कर.”

“काय बोलतेयस तू?”

“मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय?”

हे गेले तेव्हाही मी तिच्यापुढे रडले नव्हते. तिने माझ्या हातातून कागद घेतला, भिंतीला टेकवून लिहिलं, सही केली. तिचे डोळे भरले होते. तिला वाटलं, मला वेड लागलं आणि आता माझं ऐकण्यावाचून इलाज नाही. नव्या माणसाचे सहा महिने व्हायच्या आत राजीनामा दिला तर तो त्याच दिवशी लागू होतो, एवढं माझं नशीब.

तो कागद घेऊन मी वहिनींच्या खोलीत गेले. त्या आधीच पट उघडून बसल्या होत्या. तीन वाजून सत्तावन्न मिनिटांनी त्यांनी छोटीचा क्रमांक पटावरून काढला. त्यांच्याच खोलीतल्या पडद्यावर मी माझं पान उघडलं होतं. बाराव्या कॉटची ओळ एकदा लुकलुकली आणि तिच्यापुढे उमटलं: ‘अर्जदार संस्थेतला नाही. नाव देता येत नाही.’

चार वाजले. ओळ परत आली नाही.

पुढचे नऊ दिवस मी रजा घेऊन घरी बसले. लेकीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बाबांचा नंबर दिसला म्हणून तू घाबरलीस, आई. तू डॉक्टरांना दाखव.” तिचं ते काम जिवापाड आवडीचं होतं. मी ते तिच्या हातून काढून घेतलं होतं आणि तिला पटेल असं माझ्याकडे काहीच नव्हतं. नवव्या दिवशी आम्ही दोघी सकाळपासून पत्ते खेळलो. माझं लक्ष पत्त्यांत नव्हतं, तिच्या श्वासाकडे होतं. दिवस मावळला. ती जेवली, भांडी घासली, आणि माझ्याशी न बोलता झोपली. महिन्याभराने तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. ती तिकडे गेली.

किल्लीमामांनी दुसऱ्याच दिवशी त्या दाराला नवं कुलूप घातलं. नंतर त्या विषयावर माझ्याशी बोलले नाहीत. तपासणीत उत्तर वॉर्ड व्यवस्थित उतरला. नाव आहे, जागा आहे, कॉटला चिठ्ठी आहे.

तुम्ही विचाराल, मग ती अकरा नावं मी काढून का टाकली नाहीत. दहा काढली असती. पण बोट अकराव्यावर यायचं. हे गेले तेव्हा मी एक मजला वर बसले होते, आणि मला कळायला वीस मिनिटं लागली. आता जिथे कुठे असतील तिथे निदान एक कॉट त्यांच्या नावाची आहे, चादर रोज बदलली जाते. ती मी कशी काढून घेऊ? आणि त्यांची ठेवायची तर रुग्णवाहिकेवरच्या काकांची काढायचा मला काय अधिकार?

ठेवायची तर वार्षिक पडताळणी चुकवून चालत नाही. फोन झाला नाही की नाव आपोआप गळतं. म्हणून मागच्या महिन्यात, सकाळी दहा वाजता, दार सताड उघडं ठेवून मी तो नंबर फिरवला. पहिल्याच घंटेला उचलला.

“उत्तर वॉर्ड, सिस्टर बोलतेय.”

“वार्षिक पडताळणी,” मी म्हणाले. “नाव वापरात आहे का?”

“आहे.”

“जबाबदार कोण?”

“मीच.”

“काही बदल?”

दरवर्षी इथे ‘नाही’ येतं. या वेळी ते आलं नाही. मागे कुणीतरी खोकलं. मग ती तितक्याच शांतपणे म्हणाली, “बारावीला तुम्ही नाव दिलं नाहीत. असू दे, नियम म्हणजे नियम. पण बाई, कॉट रिकामी असून रोज सकाळी उशी ओली असते. दोनदा बदलली मी. कुणी ओल्या केसांनी झोपून गेल्यासारखी...”

मी फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत दम धरला आणि मग लेकीला फोन केला. आता ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलते. इकडचं तिकडचं झालं, आणि मी सहज विचारल्यासारखं विचारलं, झोप कशी लागते.

“छान लागते,” ती म्हणाली. “इथे पाणी रात्रीच येतं, म्हणून केस धुऊन तशीच पडते. गंमत म्हणजे उशी सकाळी अगदी कोरडी ठणठणीत असते, आई. इकडची हवाच तशी असेल.”